बर्फाचा भार

तीन खोकी उतरली इनासच्या बाल्कांवात
एप्रिल संपता संपता.
बोरीत तेव्हा कुत्रीसुद्धा
विहिरीच्या ओल्या कठड्याला पाठ लावून निजत होती.
खोक्यावर चित्र : पांढुरकं आभाळ, काचघर,
आत टोमॅटो, बाहेर लोकरी टोपी घातलेली बाई.

इनासला बारीक अक्षर दिसत नाही
आणि चष्मा लावणं कबूल नाही,
म्हणून गडग्यापलीकडून हाक आली :
‘बाय, ये गो, हें कितें बरयलां तें वाच.’

टेलिफोन एक्स्चेंजात एकतीस वर्षं काढली मी
तांबड्या वायरीची तांबडीशी गाठ घालून देत.
म्हटलं, यात काय एवढं.

पान पहिलं : जमीन सपाट करा.
जमीन म्हणजे आमच्याकडे चिरा.
पहार लागली की ठिणगी, ठिणगीमागून शिवी कोकणीत,
शिवीमागून देवाची माफी, पोर्तुगीजमध्ये.
पान पहिल्यावरच दोन दिवस गेले.

पान चौथं उलटं धरलं होतं, ते संध्याकाळी कळलं.

काच कुठली, प्लास्टिकची जाड पानं ती,
वाऱ्यावर फडफडणारी.
एकेक डोक्यावर धरून आम्ही परसातून चाललो
मिरवणुकीतल्यासारखे,
आनामारिया दारातून बघत होती, हसायचं नाही असं ठरवून.

पान नववं मी शिडीखालून मोठ्यानं वाचलं :
‘छप्पर दोन फूट बर्फाचा भार पेलेल.’
इनासनं वर पाहिलं.
वर एक घार होती, आणि ऊन.
‘बर्फ आमच्यात फक्त नुस्तेकान्नीच्या टोपलीत,’ तो म्हणाला,
‘तोही बारा वाजेपर्यंत.’

हसताना शिडी हलली,
स्क्रू सुटून गवतात गेला.
जहाजावर फिटर होता इनास,
काळोखात चाचपून नट बसवायचा.
आता त्याची बोटं आपली आपणच थरथरतात,
कुणी हाक मारल्यासारखी.
गवत चाळलं. नाही मिळाला.
पुडीत हात घातला, तर दुसरा होता.
तोही पडला. तिसरा होता.

शेवटी मी मोजायला बसले, जुनी खोड.
यादीत चाळीस. बसवले चाळीस.
गवतात गेले पाच.
आणि पुडीत अजून दोन.
वॉशर तसेच. क्लिपा तशाच.
कंपन्या इतक्या उदार कधीपासून झाल्या?

तिसऱ्या खोक्याच्या तळाशी चिटोरं मिळालं :
पॅकिंग करणाऱ्याची सही, एल. डी.

स्विंडनच्या गोदामात लिंडन रात्रपाळीला
असलीच खोकी भरतो,
हे इनासला ठाऊक होतं.
हे खोकं त्यानंच भरलंय, हे नव्हतं ठाऊक.
त्यानं चिटोरं लांब धरलं, जवळ धरलं,
मग खिशातून चष्मा काढला. खिशातच होता.
‘अक्षर काय सुधारलं नाही याचं,’ एवढंच म्हणाला,
आणि विहिरीकडे हात धुवायला गेला,
जरा जास्तच वेळ.

काचघर उभं राहिलं, किंचित उजवीकडे झुकून.
आत टोमॅटोची सहा रोपं लावली.
दुसऱ्या दिवशी दुपारी ती भाजीसारखी शिजली होती,
फोडणी तेवढी राहिली.

आनामारियानं दार उघडलं,
आतली झळ तोंडावर घेतली, काही बोलली नाही.
परत आली ती दोन सुपं घेऊन, भिरंडांच्या सालींची.
पुरुमेंताचे दिवस, उन्हाला कोण नाही म्हणतं?
मग मिरच्या आल्या. मग पापड माझे.
मग खारे बांगडे आणि त्यांच्यामागून
गावातली सगळी मांजरं, काचेला नाक लावून.

रविवारी फोन आला.
मध्ये एवढा समुद्र, तरी लाइन अगदी स्वच्छ,
आमच्या वेळी मडगावसुद्धा इतकं नीट लागत नसे.
‘पाय, टोमॅटो कसे आहेत?’

इनास दारात उभा होता,
एक हात खिशात. दोन स्क्रू एकमेकांवर वाजत होते.
समोर सुपात पसरलेल्या मिरच्या.
‘तांबडे,’ तो म्हणाला.
‘तांबडेलाल.’