अर्धं वाक्य

पहाटे दोन सत्तेचाळीसला
महापेच्या तिसऱ्या मजल्यावर
फायरवॉल शाबूत होती.
दिवे हिरवे, पंखे सुरू,
चार हजार एकशे बारा नियम जिथल्या तिथे,
कुणाला आत सोडायचं, कुणाला नाही.
फक्त तिच्याशी बोलायची खिडकी
उघडत नव्हती.

मी पासवर्ड टाकला.
चक्र फिरत राहिलं,
माणसं उतरवायचं विसरलेल्या
जत्रेतल्या पाळण्यासारखं.

शोधायला चाळीस मिनिटं गेली.
हल्ला म्हणावा असं काही नव्हतंच.
कुणीतरी दाराशी येऊन
‘मला असं विचारायचं होतं की’
एवढंच म्हणायचं
आणि गप्प.
मग दुसरं कुणी. मग तिसरं.
सॉफ्टवेअर चांगल्या घरातलं,
येईल त्याला पाट मांडून
पुढच्या शब्दाची वाट बघत बसलेलं.
पाट संपले.
घरच्या माणसाला, म्हणजे मला,
टेकायला जागा उरली नाही.

‘काय गेलं?’ रबाळ्याहून मोहसीनचा फोन.
काही नाही गेलं.
रिपोर्टात तसंच लिहिलं,
चोरी : निरंक.

पॅच तीन आठवडे मेलमध्ये पडून होता,
मंजुरीच्या प्रतीक्षेत.
उघडून पाहिला तर सुधारणा एका ओळीची :
तीस सेकंद थांब,
मग दार लाव.

या मजल्याखाली, पायलिंगच्याही खाली,
आमचं खारं शेत होतं.
पदाजीकाका एकोणीस वर्षं
बेलापूरला फेऱ्या घालतोय,
साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी.
‘आजून येक कागद पायजे म्हनतान, गो.’
त्याचंही वाक्य अर्धंच.
‘साहेब, मना असा इचारायचा व्हता…’
आणि खिडकी बंद, जेवणाची सुट्टी.
तीस सेकंद कुठले,
दहासुद्धा नाहीत.
त्या खिडकीत हा दोष
कधी नव्हताच.

मी रकान्यात तीस लिहिलं.
बोट जरा वेळ हवेत.
मग एंटर.
एकोणीसशे अर्धी वाक्यं
एकदम गळून पडली,
आवाजसुद्धा झाला नाही.
खिडकी उघडली.
सुस्वागतम, हर्षदा म्हात्रे.

सव्वासहाला स्टॉपवर उभी,
डोळ्यांत एसीची रेती.
फोन वाजला.
‘पोरी, तुला येक इचारायचा व्हता…’
मग खोकला. मग कोंबडा, कुणाचा तरी.
मग नुसता त्याचा श्वास, घणसोलीचा.

एनएमएमटीची बस आली,
कंडक्टरने मान बाहेर काढून पाहिलं.
जाऊ दिली.