टोपलीमागे

वरून कागद आला:
"सद्गुण सप्ताह" पाळावा, महिनाभर.
सप्ताह महिनाभर कसा, हे विचारायला
मी फोन लावला नाही. अंगणवाडीत एकोणीस मुलं,
एक शेगडी, आणि मदतनीस बाळंतपणाच्या रजेवर.

फेरीने पलीकडे जाऊन
सोनेरी चांदण्यांची दोन पाकिटं आणली.
भिंतीवर तक्ता लावला:
जो कुणाला मदत करील
त्याच्या नावापुढे एक चांदणी.

आठवडाभरात दिवाडीच्या टेकडीवर दयेचा पूर आला.
आवेलिना मावशीला पोरांनी चार वेळा रस्ता ओलांडून नेलं;
चौथ्यांदा ती ओरडली, अरे, माझं घर ह्याच बाजूला!
क्लिओनने पाण्याची बाटली मुद्दाम पाडली
दुर्वाला उचलता यावी म्हणून,
करार असा की उद्या उलट.
वेदांगी तर एक कुत्रंच घेऊन आली,
माझ्यादेखत त्याला बिस्कीट दिलं
आणि लगेच हात पुढे केला.

साईलची ओळ कोरी.
चौथ्या आठवड्यातही कोरी.
रोज उशिरा यायचा, तळव्यांना गंज,
चड्डीला चिखल, अंगाला ताज्या पावाचा वास.
म्हटलं, अरे, एखादं तरी चांगलं काम?
त्यानं मनापासून आठवून पाहिलं.
"नाही केलं, बाई," म्हणाला,
आणि ताट घेऊन बसला.

पास्कू पोदेर. पंचेचाळीस वर्षं तीच सायकल,
तोच रबरी भोंगा, बांबूची टोपली, वर निळं प्लास्टिक.
शनिवारी आमच्या उंबऱ्यावर काकणांची पिशवी ठेवतो.
एकोणीस असतात की तेवीस, त्यानं कधी मोजलं नाही,
आणि कुठल्या रकान्यात लिहावं ते न कळून
मीही कधी लिहिलं नाही.
त्या शनिवारी तो धापा न टाकता आला.
"औंदां चडण उणी जाल्या, बाय," म्हणाला,
"पंचायतीन रस्तो सपाट केला दिसता."

पंचायतीनं? आमच्या?

मंगळवारी लवकर निघाले, चढावरच्या फणसाखाली उभी राहिले.
आधी भोंगा आला, मग टोपली,
मग पास्कूची वाकलेली पाठ,
आणि टोपलीमागे, खाली, दोन अनवाणी पाय.
हात कॅरियरला, मान खाली घालून
रेडकासारखा ढुशी देत होता.
खुरसापाशी चढ संपतो. तिथं तो सुटला, झाडीत शिरला.
पास्कूनं घाम पुसला, छातीवर क्रूस काढला.
त्याचे आभार चुकीच्या पत्त्यावर गेले,
किंवा बरोबर. मला काय ठाऊक.

नंतर विचारलं, हे तुला कुणी शिकवलं?
त्याला प्रश्नच कळला नाही.
"फेरीत नाही का, बाई, उतरताना कुणाची स्कूटर अडली
की सगळे ढकलतात."
त्याची आई रोज त्या फेरीत असते, भाजीची पाटी घेऊन.
पाटी खाली ठेवते, ढकलते, पाटी उचलते.
त्याच फेरीत वीस वर्षं मीही असते.
बहुधा साडी सांभाळत.
"मग मला का नाही सांगितलंस?"
"तुम्ही चांगलं काम विचारलं होतं."

तक्ता काढला. भिंतीवर गोंदाचे चार डाग राहिले.
तीन दिवस कुणी कुणाला मदत केली नाही.
आवेलिना मावशी सुखानं आपल्या बाजूनं चालली.
वर कळवलं: सप्ताह पार पडला.
उरलेल्या चांदण्या कपाटात आहेत,
डांबरगोळ्यांशेजारी.

आज पुन्हा फणसाखाली उभी होते.
पास्कू शीळ घालत होता, ऐन चढावर, ह्या वयात.
टोपलीमागे सहा पाय.
त्यांतल्या दोहोंत वेदांगीच्या गुलाबी चपला,
आणि सगळ्यांच्या मागून,
काहीही न ढकलता,
ते कुत्रं.