सात वाव, चिखल

हेळवाकच्या आमच्या घरात समुद्राची एक वही आहे.
मिठाच्या हिशेबाची, उभ्या पानांची,
कोपरे वाळवीने खाल्लेली.
मोडी शिकायला तीन रविवार एस.टी.ने साताऱ्याला गेलो
तेव्हा कळलं, हे मिठाचे मण नाहीत.
"सात वाव, चिखल.
साडेपाच, वाळू, शिंपा.
अडीच. दगड. इथे तांडेल ओरडला."

धाकू शेलार, माझा खापरपणजोबा.
बैल घेऊन कुंभार्ली उतरायचा,
नाचणी द्यायचा, मीठ आणायचा.
त्या वर्षी बैल खालीच मेला,
आणि दाभोळच्या धक्क्यावर
मोजणीच्या मचव्याला आकडे लिहिणारा हवा होता.
पोहता येतं का, कुणी विचारलं नाही.

उस्मान परकार दोरी सोडायचा.
टोकाला शिशाचा ओळंबा, त्याच्या बुडात खळगा,
खळग्यात चरबी.
चरबीला चिकटून येईल तो तळ.
दोन हात पसरले की एक वाव,
पण कुणाचे हात?
"परकाराची वाव माझ्याहून चार बोटं जास्त.
साहेबाची फुटांची.
आम्ही परकाराचीच धरली."

आत शिरताना अंजनवेलचा बुरूज उजव्या हाताला ठेवायचा,
इतका जवळ
की भिंतीवरचं गवत मोजता यावं.
तेवढीच वाट.
बाकी सगळा वाळूचा दांडा,
उधाणाला निजलेला,
भांगाला कूस बदलणारा.

नकाशा पुढे छापला म्हणतात.
त्यावर साहेबाचं नाव असेल, गलबताचंही.
धाकूचं नाही, मी शोधलं.
खरं तर फार शोधलं नाही.

घाटमाथ्यावर पडलेला थेंब
पूर्वेला जायचं की पश्चिमेला, ते वाऱ्यावर सोडतो.
आता डोंगराच्या पोटात बोगदा आहे.
कोयनेचं पाणी वीज देऊन वाशिष्ठीत उतरतं,
बारमाही, गोडं,
धाकूच्याच वाटेने, बैलाशिवाय.
म्हणजे वहीतले आकडे खोटे झाले असणार,
दांडा कुठल्या कुठे गेला असणार.

एकदा वही पिशवीत घालून
दाभोळच्या फेरीबोटीत बसलो.
खलाशाला विचारलं, इथे पाणी किती?
तो म्हणाला, पुरतं की.

शेवटच्या पानावर समुद्र नाही.
"बैल घेतला. पांढरा, एक शिंग वाकडं.
सतरा रुपये."
आणि खाली, बारीक अक्षरात:
"हाही पाण्याला भितो."