हिद्द, पहाटेचे सव्वातीन

फुटबॉल इकडं रात्री अकराला लागतो,
म्हणजे आमचा डबा उघडायच्या वेळेला.
बास्केटबॉल अमेरिकेतनं निघतो,
त्याला पोचायला पहाटेचे तीन वाजतात.
मधले चार तास आम्ही जहाजाचा गंज खरवडतो.

सुक्या गोदीच्या फाटकासमोर सुधीशची टपरी.
शंभर फिल्सला कडक चहा,
इकडं त्याला करक म्हणतात, म्हणू देत.
टीव्ही एकच, रिमोट फ्रीजवर,
आणि त्याला हात लावायचा हक्क फक्त सुधीशला,
ज्याला दोन्ही खेळांतलं काही कळत नाही.

आज रोदेलियो गप्प.
त्याचा बुटका गार्ड,
सहा फूट एक इंच, पण त्या खेळात बुटकाच,
काल मध्यरात्री विकला गेला.
विकला नव्हे, अदलाबदल.
एका बुटक्याच्या बदल्यात दोन लंबू
आणि तीन वर्षांनंतरचं एक नाव,
जे पोरगं अजून शाळेत असेल.
अकरा वर्षं एकाच गावाकडनं खेळला.
पोरीच्या वाढदिवसाचा केक कापताना
म्हणे फोन वाजला,
तोही मालकाचा नव्हे, बातमीदाराचा:
कसं वाटतंय?

मी म्हटलं, आमच्याकडं बैल विकतानासुद्धा
रुमालाखाली बोटं धरून दर ठरतो,
पण बैल समोर उभा असतो की.

माझ्या बातमीतही दम नाही.
आमच्या संघानं कोच हाकलला, या मोसमातला तिसरा.
हाकलला असं लिहीत नाहीत,
परस्पर संमतीनं, असं लिहितात.
कॅम्पबॉसनं आमचा पंखा काढून नेला
तोही परस्पर संमतीनंच.
गोलकीपरचं बोट मोडलंय.
नऊ नंबरवाला गोल मारला की कानाला हात लावतो,
लोकांचा आवाज ऐकू येईना, अशा थाटात.
सहा सामने झाले,
बिचाऱ्यानं कानाला हात लावलेला नाही.

मी कोल्हापूरचा. आमच्यात फुटबॉल
तालमीच्या लाल मातीत मुरतो.
दोन पेठांची मॅच असली की
जावई सासऱ्याशी आठवडाभर बोलत नाही.
आमचा लेफ्ट-आऊट, बाबू सरनोबत,
एकदा पलीकडच्या तालमीला गेला,
एका मोटारसायकलीवर.
त्याच्या आईला दूधवाल्यानं
महिनाभर पाणचट दूध घातलं.

हे सांगितलं की कुणीही हसतं.
रोदेलियोनं फक्त विचारलं,
मोटारसायकल कुठली?

मग खिशातनं घडीचा कागद काढला,
कपाखाली ठेवला,
चहाचा गोल डाग पडू दिला.
जुबैलचं यार्ड. रविवारची बस, पुलावरून.
व्हिसाचं कंपनी बघतीय.
पगार तोच, खोलीत सहाऐवजी आठ.
त्याच्या बदल्यात तिकडनं दोन वेल्डर येतायत.
सुधीश रिमोट पुसत म्हणाला,
लंबू आहेत का?
मग हसलो तिघंही. वाईट हसलो.

अजून दहा मिनिटं होती.
पलीकडं कंटेनरच्या पाठीला
त्यानं पेंटच्या पिंपाची कडी वेल्ड केलीय,
दहा फुटांवर, तीनदा मोजून.
त्यानं चेंडू माझ्या हातात दिला.
चेंडू हातात आला की मला
चोरी केल्यासारखं वाटतं, आणि शिट्टीची वाट बघतो.
तरी धावलो.

चाललास! चाललास! तो ओरडला.
चेंडू न आपटता दोनाच्या वर पाऊल टाकलं
की फाऊल, चेंडू समोरच्याला.
मग माणसानं जायचं कसं? मी विचारलं.
आपटत, तो म्हणाला,
आपटत आपटत.

मारला मी. कडीला लागून
सुपरवायझरच्या गाडीखाली गेला.
दोघंही पालथे पडून,
एकाचा हात पुरेना म्हणून दुसऱ्याचा घालून,
काढत होतो,
तेवढ्यात भोंगा झाला.