पट्टी

डबरा रस्त्याच्या शेतातून रामसेवकने आणलेलं तिळाचं झाड
काल सकाळी बादलीत उभं केलं.
फुलं नाहीत त्याला. फुलांच्या जागी पानं,
पानांच्या बगलेत आणखी बारकी पानं,
जणू कुणी सांगायला बसलं
आणि नुसतं ‘म्हणजे, म्हणजे’ करत राहिलं.

"मैडम, जामें अब तिल नईं आने," रामसेवक म्हणाला.
नयाबाजारात गजकेवाल्यांचे घण सुरू व्हायला
अजून अडीच महिने आहेत.

मी ज्याला शोधते त्याला भिंत नाही.
इतर जिवाणूंना असते. याला एकच पापुद्रा,
दुधावरच्या सायीलाही त्यापुढे जाड म्हणावं.
काचेच्या बशीत ते वाढत नाही, कितीही मनधरणी करा.
झाडाच्या रसवाहिनीत, नाहीतर तुडतुड्याच्या अंगात.
तिसरं घर नाही.

पापुद्र्यावर एक प्रथिन दाटीने उभं.
तुडतुड्याच्या आतड्याभोवतीच्या स्नायूंत जे धागे असतात
त्यांच्याशी त्याची सोयरीक जुळली, तर वाट मिळते:
आतडं, रक्त, लाळ, पुढचं झाड.
नाही जुळली
तर तुडतुडा तोच रस पितो आणि कोरा उडून जातो.

लष्करात खोली शोधत फिरले तेव्हा
दारातच विचारत, "आडनाव?"
खिरवडकर म्हटल्यावर "कुठले खिरवडकर?"
आणि मग चहा.
ही उपमा मी सरांना सांगितली नाही.
फार लांब नेली तर तिच्यात मी रोग ठरते.

साठ तुडतुडे बर्फावर निजवले, वाटले.
दोन जातींचे, दोन नळ्यांत.
एक जात रोग नेते, दुसरी नेत नाही,
असं आम्ही मागच्या अहवालात लिहिलंय.
रात्री पावणेदहाला पट्टी उमटली.
दुसऱ्या नळीतही. फिकट, पण तिथेच.
नळ्यांची अदलाबदल झाली असेल.
मी लेबलं तीनदा वाचली. अक्षर माझंच होतं.

सकाळी रामसेवक दवा विचारायला आला.
"उपटा," मी म्हटलं, "आणि जाळा."
"कित्ते?"
काल सांगितलं असतं, हिरवी फुलं दिसतील तेवढीच.
आज मी बांधापलीकडच्या, धड दिसणाऱ्या तिळाकडे बघत
उत्तर लांबवलं.
तो थांबला. बादलीतलं पाणी त्यानेच बदललं.
झाड तरारलंय.