राखण

काल बारी, आज कोटोर, उद्या कोर्फू.
शहरं रोज रात्री दाराखालून येतात,
एका कागदावर: हवामान, सूर्यास्त,
आणि ठळक अक्षरांत परतायची वेळ.
साडेचार.

सकाळी सातला डेकवर होते, गाऊनवर शाल.
दोन्हीकडे डोंगर, मधून जहाज असं हळू शिरत होतं
जणू आत कुणाचं मूल झोपलंय.
सगळे फोटो काढत होते. मीही काढले.
पलीकडच्या काठावर एक गाव,
पाण्यात पाय सोडून बसलेली दगडी घरं.

दुपारी तटाबाहेरच्या बाजारात
अंजीरवालीनं बोटानं बोट दाखवली,
मग दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांवर ठेवली:
वरून आम्ही कशी दिसतो?

मी फोन दिला.
तिनं कपाळावरचा चष्मा खाली ओढला,
दोन बोटांनी गाव ताणलं, आणखी ताणलं,
ताणता ताणता तिसऱ्या घराची हिरवी खिडकी आली.
सताड उघडी.
खिडकीखाली भिंतीवर मांजर.
आणि आत, जे तिला माहीत होतं, मला नाही,
रात्रीसाठी साफ करून झाकलेला मासा.

ती जे म्हणाली ते माझ्या भाषेत नव्हतं,
तरी अक्षर न् अक्षर कळलं.
एप्रन काढून माझ्या गळ्यात घातला,
तागडी दाखवली, चार बोटं वर केली:
किलोला चार.
'विदोसाव्हा,' छातीवर हात ठेवून म्हणाली,
जशी पावती फाडून दिली,
आणि निघाली खाडीच्या कडेनं, सत्तरीची बाई,
झेपेल तेवढी भरभर.

मग मी अंजिरं विकली.
लीड्सचं जोडपं आलं, आमच्याच जहाजावरचं,
नाश्त्याला रोज शेजारच्या टेबलावर.
ओळखलं नाही.
मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून विचारलं,
इथलंच का हे?
मी मान हलवली. अंजिरं इथलीच होती.
तीनला द्या म्हणाले.
चार, मी म्हटलं.
स्वतःच्या मालाचा भाव माणूस सोडतो;
दुसऱ्याच्या मालाला मान ताठ राहते.
त्यांनी माझा फोटो घेतला.
त्यांच्या फोनमध्ये मी आता कायमची कोटोरची.

पावणेचार. शालनचा फोन.
कुठेयस? दुकानात.
किती खरेदी करशील गं?
खरेदी नाही करत, म्हटलं आणि ठेवला.
शेजारचा चीजवाला हातानंच सांगत होता, जा, जा, मी बघतो.
पण राखण मला सांगितली होती.

चार वाजले. भोंगा.
सगळा बाजार वर बघून पुन्हा खाली बघू लागला,
माझ्या मात्र पोटऱ्यांना कळला तो.

चार वाजून सात मिनिटांनी ती आली. घाई नव्हती.
दोन्ही तळवे रिकामे करून दाखवले,
मासा गेला होता.
मग अशी हसली की चीजवालाही हसला.
खिशातले पैसे मोजले नाहीत.
पिशवीभर अंजिरं दिली, मी पाकीट काढताच
माझ्याकडे असं पाहिलं
की पाकीट आपणहून मिटलं.

पळाले. या वयात, चपला हातात घेऊन.

जहाज वळलं तेव्हा हिरवी खिडकी शोधली.
लावलेली होती.
मांजर तिथंच, त्याच भिंतीवर, तृप्त.

खोलीत केतुत टॉवेलाचा हत्ती करत होता.
या बंदरात त्याची ही एकोणिसावी खेप,
आणि लाँड्रीच्या गोल काचेतून
धक्क्याचं काँक्रीट तेवढं त्याला पाठ आहे.
अंजीर हातात दिलं.
त्यानं आधी वास घेतला, मग उजेडात धरलं, मग खाल्लं.
कसं आहे शहर, विचारलं.

तट नव्हता पाहिला मी, घंटाघर नव्हतं,
किल्ल्याच्या पायऱ्या तर नाहीच.
किलोला चार, मी म्हटलं.
कमी करत नाहीत.