घेरीचे दगड

रुसबाखच्या वरच्या कुरणात
यंदा एक मेंढी गोल फिरू लागली.
डावीकडेच, दिवसभर डावीकडे,
जणू कुणी गवतात खुंटी ठोकून
तिचा कान दोराने बांधलाय.

नोटबुर्गा कुणाला विचारायला गेली नाही.
ओढ्यापलीकडे डोंगराची कड झिजते,
तिथून गोगलगायी निसटून खाली येतात,
मुठीएवढ्या, राखाडी,
नऊ कोटी वर्षं एकमेकींना रेटत उभ्या असलेल्या.
त्यांतली एक तिने ॲप्रनला पुसली
आणि मेंढ्यांच्या डोणीत सोडली.
बुडुक.

घेरीचे दगड म्हणतात त्यांना या दरीत.
ज्याच्या पोटात एवढे पेच मुरले,
त्याला गरगरण्याचं काय भय?
त्याचं पाणी प्यावं, डोकं जाग्यावर येतं.

मी झाल्सबुर्गला चाळीस वर्षं
दवाखान्याचे हिशोब लिहिले.
मेंदूत पाण्याची पिशवी असते, मी म्हटलं,
पिशवीत जंतांची पिल्लं.
बहीण म्हणाली, "मग पिल्लांनाही तहान असेलच."

गुरुवारी मेंढी मेली.
दगड डोणीतच राहिला.
दुसऱ्या मेंढ्या त्याच्यावरून पाणी पीत राहिल्या,
त्यांना काही झालं नाही,
आणि नोटबुर्गाने तेवढंच मोजलं.

हार्टविग हे दगड करवतीने कापून
पर्यटकांना विकतो.
आत पांढरं मळसूत्र दिसतं,
कुठेच न पोचणारा जिना.
आपण म्हणतो गोगलगाय नि पोटात पाय.
इथे पायही गेले, पोटही गेलं,
चालण्याचा वळसा तेवढा उरला.
आणि समुद्र?
तो कधीच उठून दक्षिणेला गेला,
दार न लावता.

ऑक्टोबरात मी बटाटे सोलताना
स्वयंपाकघर कलंडलं.
भिंत, चूल, येशूची तसबीर,
सगळं डावीकडे.
डॉक्टरीण पोरगेलीच, लेओनी नावाची.
म्हणाली, तुमच्या कानात चुन्याचे कण असतात,
त्यांतले काही जागा सोडून भटकलेत.
चुना? मी विचारलं. कोणता चुना?
तोच, म्हणाली, शिंपल्यातला.
तिने माझं डोकं दोन्ही हातांत धरलं
आणि घट्ट बसलेलं झाकण काढावं तसं
हळूहळू फिरवलं.
भिंतीवर कानाचं चित्र होतं.
आत अडीच वेढ्यांची एक गोगलगाय,
आमच्या भाषेत तिचं नावच ते.
इतकी वर्षं मी तिच्यातून ऐकत होते
आणि मला वाटायचं, मी ऐकते.

रात्री उशाशी पाण्याचा पेला.
तळाशी काहीतरी राखाडी.
नोटबुर्गा पाठ करून झोपलेली,
म्हणजे जागीच.

मी दिवा लावला नाही.
पेला उचलला तेव्हा दगड काचेला लागला,
लहानसा आवाज झाला.
डाव्या कानाने ऐकला तो मी.
पाणी थंड होतं.
सगळं प्यायले.